वेशीच्या आत, हद्दीच्या बाहेर

सोलापुरात पत्ता विचारला की शहराचा इतिहास आपोआप कानावर पडतो. कुणी 'विडी घरकुल'मध्ये राहतो, कुणी 'सेटलमेंट फ्री कॉलनी'त, कुणी 'जुनी मिल कंपाउंड'मध्ये, कुणी 'जुळे सोलापुरा'त. काहीजण तर पेठेचं किंवा नगराचं नाव न घेता 'हद्दवाढीत राहतो' एवढंच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला ते पुरतं. यातलं एकही नाव कवीमनाच्या नगरसेवकानं ठेवलेलं नाही. प्रत्येक नावामागे एक सरकारी, गिरणीमालकाचा किंवा संघटनेचा निर्णय आहे. फाइल केव्हाच बंद झाली. पत्ता मात्र चालू राहिला.

स्मृतिव्याख्यानात महानगरांबद्दल बोलण्याची सोय असते. आकडे मोठे, नकाशे देखणे, परदेशी उदाहरणं हाताशी. या व्याख्यानासाठी सोलापूर निवडलं, त्याचं कारण वेगळं आहे. २०११ च्या जनगणनेत ९,५१,५५८ लोकसंख्या असलेलं शहर खरं तर लहान म्हणता येत नाही. पण ते स्वतःला लहानच समजतं, कारण त्याचं मोजमाप कायम पुण्याशी होतं. शिवाय अशा शहरात एक वसाहत वसली किंवा एक गिरणी बंद पडली की अख्ख्या शहराचा तोल बदलतो. मुंबईत असला निर्णय गर्दीत हरवून जातो. सोलापुरात त्याचा पत्ता होतो.

नवी घरं कुठं बांधायची आणि जुन्या पेठांचं काय करायचं, हे आपल्याकडे दोन वेगळे विषय मानले जातात. त्यांची खाती वेगळी, योजना वेगळ्या, उद्घाटनं वेगळी. पण पेठेतून बाहेर पडणारं बिऱ्हाड आणि नव्या वसाहतीत किल्ली घेणारं बिऱ्हाड पुष्कळदा एकच असतं. प्रश्न एक, कार्यालयं दोन, आणि त्या दोघांची गाठ पडत नाही. सोलापूरची गोष्ट सांगायची ती एवढ्यासाठी.

सुरुवात गिरणीपासून करावी लागते. मोरारजी गोकुळदासांनी उभारलेली सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली. तीच पुढं 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. मोरारजींचं नाव आजही मुरारजी पेठेच्या रूपानं टिकून आहे. मग नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या आल्या. गिरणीला माणसं लागत, माणसांना छप्पर लागे, म्हणून गिरणीशेजारी चाळी आल्या. कामावर जायला भोंगा पुरेसा होता. बस लागत नव्हती.

शहराच्या पूर्वेला, साखर पेठ, कन्ना चौक, दत्तनगर या बाजूला, वेगळीच रीत होती. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तिथं जे घर बांधलं त्याचा नकाशा एका ओळीत सांगता येतो: पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल. हातमाग जाऊन यंत्रमाग आला तरी ही मांडणी बदलली नाही, फक्त भिंती हादरू लागल्या. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना पुढं भौगोलिक निर्देशांक मिळाला. हा मान गावाच्या नावाला मिळाला असला तरी त्यात या पुढच्या खोलीचा वाटा मोठा आहे. त्याच घरांतल्या बायका विड्या वळत. विडी कारखान्याच्या ब्रँचमधून पानं आणि तंबाखू आणायचा, घरी पानं भिजवून कापायची, वळायची, बांधायची आणि माल परत ब्रँचला द्यायचा. मजुरी हजार विड्यांवर. म्हणजे ब्रँच घरापासून किती लांब आहे, हा प्रश्न थेट मजुरीशी जोडलेला. पाऊण तास चालण्यात गेला तर तेवढ्या विड्या कमी.

अशा घराला नियोजनाच्या भाषेत नाव नाही. आराखड्यात रहिवासी विभागाचा रंग वेगळा, औद्योगिक विभागाचा वेगळा. पूर्व भागातल्या घराला दोन्ही रंग एकावर एक द्यावे लागतील.

काम घराशेजारी असलं की सगळं छान असतं, असा गोड समज मात्र कुणी करून घेऊ नये. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापुरात त्यासाठीच जपून ऐकावा लागतो. इंग्रज सरकारनं ज्या जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांना इथं तारेच्या कुंपणात ठेवलं आणि गिरण्यांच्या कामाला जुंपलं. घर गिरणीजवळ होतं, पण बाहेर जायचं तर हजेरी द्यावी लागे. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, तारा निघाल्या आणि वस्तीच्या नावात 'फ्री' आलं. हा इंग्रजी शब्द तिथल्या लोकांना भाषांतर न करता कळतो.

गिरण्या बंद पडल्या. जुनी मिल आधी, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात. गिरणीची जमीन शहराच्या मध्यात, स्टेशनजवळ, मोक्याची. मुंबईत गिरण्यांच्या जमिनींवरून न्यायालयापर्यंत लढाई झाली, पुस्तकं निघाली, मोर्चे निघाले. सोलापुरात ती चर्चा मुंबईच्या मानानं फारशी झालीच नाही. जुन्या मिलच्या आवारात हळूहळू घरं आणि दुकानं आली, आणि 'कंपाउंड' हा शब्द तेवढा उरला. शहराच्या मध्यात एवढी सलग जमीन एकदाच मोकळी होते. त्या वेळी गिरणी कामगाराचं घर आणि त्या जमिनीचं भवितव्य एकाच टेबलावर यायला हवं होतं. आलं असतं तर पुढं येणारी कुंभारीच्या वसाहतीची गोष्ट कदाचित वेगळ्या जागी घडली असती.

त्याऐवजी झाली ती हद्दवाढ. ५ मे १९९२ रोजी महापालिकेची हद्द सुमारे ३३ चौरस किलोमीटरवरून १७८.५७ चौरस किलोमीटरवर गेली. एका दिवसात शहर पाचपटीहून मोठं झालं. बाळे, शेळगी, मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव, केगाव, देगाव अशी गावं शहरात आली. ज्वारीचं शिवार महापालिकेत आलं, पण पाण्याची आणि ड्रेनेजची नळी त्याच वेगानं पोचली नाही. तीस वर्षं उलटून गेली तरी 'हद्दवाढ' हे विशेषण त्या भागाला चिकटून आहे. एखाद्या सुनेला तीस वर्षांनंतरही 'नवी' म्हणावं तसं.

कोल्हापूरचं नेमकं उलट. १९७२ साली महापालिका झाली, पण ६६.८२ चौरस किलोमीटरची हद्द तेवढीच राहिली. हद्दवाढीचा विषय निघाला की शहरात मोर्चा 'हवी' म्हणून आणि गावात मोर्चा 'नको' म्हणून. अखेर २०१७ साली ४२ गावांसाठी वेगळं नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमून सरकारनं दोघांनाही घरी पाठवलं. गावकऱ्यांची भीती खोटी नव्हती: घरपट्टी वाढेल, शेतावर आरक्षण पडेल, आणि नळ येईल तेव्हा येईल. शहराची तक्रारही खोटी नव्हती: घरं सीमेबाहेर बांधली जातात आणि गर्दी, कचरा, गाड्या सीमेच्या आत येतात. सोलापूरनं हद्द एकदम ताणली, कोल्हापूरनं ती बिलकूल हलवली नाही, आणि दोन्हीकडे नवं घर बांधणाऱ्या सामान्य माणसानं एकच वाट धरली. तिचं नाव गुंठेवारी.

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे बारीक तुकडे पाडून विकू नयेत म्हणून १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. तो असतानाच राज्यभर शहरांच्या कडेला गुंठ्या-गुंठ्यानं घरं झाली. साठेखत, नोटरी, शंभराचा स्टँप आणि विश्वास. २००१ साली सरकारनं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. मग वीस वर्षांनी दुरुस्ती करून ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. म्हणजे 'शेवटची संधी' दोनदा आली. तिसऱ्यांदा येणार नाही असं मानून कुणी गुंठा घ्यायचं थांबलं आहे, असं दिसत नाही.

गुंठेवारीला बेकायदा म्हणून हिणवणं सोपं आहे. प्रस्तुत वक्त्याला त्यात एक साधा हिशेब दिसतो. मंजूर ले-आउटमधल्या प्लॉटला रस्ता, मोकळी जागा, बिगरशेती परवाना सगळं लागतं आणि ते सगळं किमतीत येतं. मागावर काम करणाऱ्याच्या खिशात तेवढे पैसे नसतात. म्हणून तो आज जमीन घेतो, रस्ता दहा वर्षांनी मागतो आणि ड्रेनेज निवडणुकीला मागतो. नियोजनानं जे आधी करायचं ते तो शेवटी करतो, पण घरात तो पहिल्या दिवसापासून राहतो.

याला एक मोठा अपवाद सोलापुरातच आहे, आणि तो देशात विरळा आहे.

अक्कलकोट रस्त्यावर, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं गाव, महापालिकेच्या हद्दीबाहेरचं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे माजी आमदार नरसय्या आडम, सोलापूरच्या भाषेत आडम मास्तर, यांच्या पुढाकारानं विडी कामगार बायकांची सहकारी संस्था झाली. गोदावरी परुळेकरांचं, म्हणजे गोदूताईंचं, नाव दिलेल्या वसाहतीत १०,००० घरं उभी राहिली. पैसे केंद्राचे, राज्याचे आणि उरलेले विडी वळणाऱ्या बाईचे. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग घरांचा ताबा द्यायला आले. नंतर त्याच परिसरात रे नगर आलं: असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरं. भूमिपूजन ९ जानेवारी २०१९ ला आणि पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. लाल बावट्याच्या कार्यकर्त्यानं दोन वेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांना एकाच माळरानावर आणलं, हे सोलापूरकर अजून चवीनं सांगतात.

चव बाजूला ठेवली तरी काम मोठंच आहे. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, चालक यांना स्वतःच्या नावावर पक्कं घर मिळालं, आणि तेही पुनर्वसनाच्या नावाखाली कुणी हाकलून दिलेलं नव्हे, त्यांनी स्वतः मागितलेलं. कित्येक योजनांत लाभार्थी यादीत असतो. इथं तो सभासद होता.

पण मग कुंभारीच का? उत्तर कुणालाही ठाऊक आहे: शहरात सलग शेकडो एकर जमीन परवडत नव्हती. जागा नगररचनाकारानं निवडली नाही, सातबाऱ्यावरच्या भावानं निवडली. त्यात थोडं शहाणपणही होतं, कारण अक्कलकोट रस्त्यावरच एमआयडीसी आहे आणि टॉवेलचे कारखाने तिथं गेले आहेत. तरीही धुणीभांडी, हमाली, भाजीची हातगाडी, नव्या पेठेतल्या दुकानातली नोकरी ही कामं शहरातच राहिली. बस हा त्यावरचा उपाय. त्याची कथा अशी की केंद्राच्या योजनेतून शहर परिवहनाला नव्या गाड्या मिळाल्या, त्यातल्या जवळजवळ शंभर गाड्यांच्या चासींना तडे गेले आणि वाद बरीच वर्षं चालला. गाड्या डेपोत उभ्या, माणसं शेअर रिक्षात.

हिशेब आणखी एका अंगानं करून पाहावा. गोदूताई वसाहत आणि रे नगर मिळून ४०,००० घरं. घरटी चार माणसं धरली तर १,६०,००० होतात. महाराष्ट्रात एक लाखापुढच्या लोकवस्तीला 'अ' वर्ग नगरपरिषद मिळते. इथं एवढ्या वस्तीचा भार येणार आहे तो ग्रामपंचायतीच्या व्यवस्थेवर. १९९२ ची हद्दवाढ शेतं पोटात घेऊन बसली आणि तिच्या रेषेपलीकडे अख्खं शहर उभं राहिलं. रेषा मारताना माणसं कुठं जातील याचा अंदाज चुकणं समजू शकतं. पण तेवढ्या घरांना तांत्रिक, पर्यावरणीय आणि आर्थिक अशा सगळ्या मंजुऱ्या मिळताना कुणीतरी शहराच्या परिवहन विभागाला विचारायला हवं होतं की गाडी किती वाजता सुटेल.

घराच्या आकाराचाही एक मुद्दा आहे. गोदूताई वसाहतीतली घरं बैठी. दाराशी ओटा, ओट्यावर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई आणि शेजारणीशी गप्पा. रे नगरच्या इमारती मजल्यांच्या. वर राहणाऱ्या बाईला पानांचं ओझं जिन्यानं न्यावं लागतं आणि माग ठेवायचा तर जागाच नाही. जमीन वाचवायची तर मजले चढवावे लागतात, हे मान्य. मात्र मजला चढला की पुढची खोली जाते, आणि पुढच्या खोलीबरोबर घरातली एक कमाई.

की ती जायलाच हवी? १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना जळाला. आठ जण दगावले. मालकाचं कुटुंब आणि कामगार तिथंच राहत होते. सूत, कापड, यंत्रं आणि झोपलेली माणसं एकाच छपराखाली. घर आणि काम एकत्र असण्याचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकानं, यात हे व्याख्यानही आलं, ही तारीख लक्षात ठेवावी. पूर्व भागातल्या गल्ल्यांत आज जे यंत्रमाग चालतात तिथं अग्निशमनाची गाडी वळेल का, जिना दुसरा आहे का, वायरिंग कधीचं आहे, हे तपासणं हाच तिथला खरा 'विकास' आहे. निषिद्ध म्हणून डोळे मिटणं किंवा परंपरा म्हणून डोळे मिटणं, दोन्हीत परिणाम सारखाच.

आता वेशीच्या आत यावं. सोलापूरच्या वेशी गेल्या, पण बाळीवेस, विजापूर वेस ही नावं राहिली. आत टिळक चौक, मधला मारुती, चाटी गल्ली, सराफ कट्टा, नवी पेठ. लग्नाचा बस्ता इथंच बांधायचा, ही जिल्ह्याची आणि पलीकडच्या कर्नाटकाची जुनी सवय.

या पेठांत दरवर्षी पावसाळ्याआधी एक विधी होतो. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक इमारतींना नोटिसा निघतात. नोटीस मालकाला जाते, भाडेकरूला जाते, वर्तमानपत्रात आकडा येतो आणि पाऊस सुरू होतो. मालक दुरुस्ती करत नाही, कारण भाडं १९४७ च्या भाडे कायद्यानं गोठलेलं, आणि ३१ मार्च २००० ला लागू झालेल्या नव्या कायद्यानंही त्याची गाठ नीट सोडवली नाही. भाडेकरू जागा सोडत नाही, कारण सोडली तर परत मिळायची खात्री नाही. वारस सहा, त्यातले दोन पुण्यात, एक अमेरिकेत. वाडा तिघांचीही वाट बघत पडतो. या कोंडीला पैसा कमी आणि मध्यस्थ जास्त लागतो. तो मध्यस्थ पालिकेनं व्हावं अशी तरतूद फारशी कुठं नाही.

नियमावली मदतीला येते ती आपल्या पद्धतीनं. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळजवळ सगळ्या राज्याला एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. गावोगावच्या नियमांतला गोंधळ संपला, हे चांगलंच. पण वाढीव बांधकामाचं गणित रस्त्याच्या रुंदीला बांधलेलं आहे: रस्ता जितका रुंद, तितके मजले. चाटी गल्लीच्या रुंदीत हे गणित बसत नाही. मग मागणी एकच उरते, रस्ता रुंद करा. रुंदीकरण म्हणजे दर्शनी खोली पाडणं, आणि पेठेतली दर्शनी खोली म्हणजे दुकान. उरलेल्या अर्ध्या घरात माणूस राहत नाही, गोडाऊन राहतं.

मधल्या काळात स्मार्ट सिटी आली. २५ जून २०१५ ला केंद्रानं मोहीम जाहीर केली आणि २८ जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूर होतं. शहराला अभिमान वाटला आणि तो रास्त होता. केंद्राचे ५०० कोटी आणि राज्य व पालिकेचे मिळून तेवढेच, अशी रचना. क्षेत्रनिहाय विकासासाठी जुन्या शहरातला सुमारे हजार एकरांचा तुकडा निवडला, म्हणजे महापालिकेच्या क्षेत्राच्या अडीच टक्क्यांच्या आसपास. रंगभवन चौक सजला, सिद्धेश्वर तलावाचा काठ नीटस झाला, पार्क स्टेडियम नवं झालं आणि मैदानावर रणजीचा सामना परतला. अप्पासाहेब वारदांनी बांधलेल्या इंद्रभुवनाच्या, म्हणजे महापालिकेच्या देखण्या इमारतीच्या, जतनाचं कामही झालं. कोरीव दगड पुन्हा उजळलेला पाहून कुणालाही बरं वाटेल. घर या शब्दाचा मात्र या यादीत मागमूस नाही. पेठेत राहणाऱ्यांची संख्या घटते आहे की टिकून आहे, हे पाहणं या योजनेचं काम नव्हतं. ३१ मार्च २०२५ ला मोहीम संपली.

हे सगळं कुणी ठरवलं, याचं उत्तर जरा अवघड आहे. ६ एप्रिल १९३० रोजी आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवणारी ही नगरपालिका. त्याची किंमत शहरानं मार्शल लॉ सोसून आणि १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्मे देऊन चुकवली. त्याच शहराच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. निवडणुका घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावं लागलं. राज्यभरातल्या शहरांची हीच अवस्था होती. प्रशासक कार्यक्षम असतील, प्रामाणिकही असतील. पण वाड्याच्या वारसांना, भाडेकरूंना आणि दुकानदाराला एका ओट्यावर बसवायला ओळखीचा माणूस लागतो, आणि तो बदलीवर येत नाही.

पेठांच्या नूतनीकरणाची दुसरी वाट सध्या देवळातून जाते. १३ डिसेंबर २०२१ ला काशी विश्वनाथ धाम खुलं झालं, ११ ऑक्टोबर २०२२ ला उज्जैनचा महाकाल लोक. तेव्हापासून प्रत्येक तीर्थक्षेत्राच्या गावाला आपलाही असा मार्ग हवा आहे. पंढरपुरात मंदिराभोवतीच्या रहिवाशांनी आणि व्यापाऱ्यांनी अशा मार्गाला विरोध केला, तर मे २०२५ मध्ये कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरासाठी १,४४५ कोटींहून अधिक रकमेचा आराखडा राज्य मंत्रिमंडळानं मंजूर केला. भाविकांना उभं राहायला जागा, पाणी, स्वच्छतागृह हवंच. प्रश्न फक्त मोबदल्याच्या मापाचा आहे. मंदिरालगतच्या हार-प्रसादाच्या दुकानाची किंमत त्याच्या चौरस फुटांत नसते, दारावरून जाणाऱ्या पावलांत असते. दोन किलोमीटरवर तेवढीच जागा देऊन तो मोबदला चुकता होत नाही.

शहराचा मध्य कसा आखावा याचे चांगले दाखले शोधायला फार लांब जावं लागत नाही. लातूरची गंजगोलाई पाहावी. निजामी राजवटीत नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी मध्यभागी जगदंबेचं देऊळ ठेवून गोल बाजार आखला आणि त्याला सोळा रस्ते जोडले. कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची-गूळ. शतकभर तो आराखडा वापरात आहे. त्यात देऊळ आहे आणि बाजारही आहे; एकासाठी दुसऱ्याला उठावं लागलं नाही.

आणि एक दाखला इंदूरचा. होळकरांच्या दरबारानं पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं आणि १९१८ मध्ये त्यानं दोन खंडांचा अहवाल दिला. पुढच्या वर्षी तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याआधी त्यानं तंजावरात, मराठ्यांच्या जुन्या राजधानीत, किल्ल्यातली वस्ती पाहिली होती. तिथं अभियंत्यांनी सरळ रुंद रस्ते काढण्यासाठी घरं पाडायचा बेत केला होता. गेडिस गल्ल्यांतून पायी फिरला आणि पडकी घरं तेवढी काढून त्या जागी छोटे चौक, झाड, विहीर असा पर्याय दिला. खर्च किती तरी कमी आणि बेघर होणारेही थोडे. आधी तपासणी, मग औषध, हा त्याचा हट्ट.

इंदूरमध्ये तेव्हा प्लेग होता. लोकांना हा पाहुणा घरं पाडायला आला आहे असं वाटे. गेडिसनं महाराजांकडून एका दिवसाचा अधिकार मागून घेतला आणि दवंडी पिटवली की दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमीच्या वाटेनं जाणार नाही. ज्या भागात सर्वांत जास्त घरं झाडून, डागडुजी करून तयार असतील तिथून जाईल. गल्ल्यागल्ल्यांत चढाओढ लागली. गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ पोशाखात मानानं चालले. नगररचनेच्या इतिहासात इतक्या कमी पैशांत इतकं काम झाल्याची उदाहरणं थोडी.

सोलापूरला ही युक्ती नवी वाटू नये. संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. सात नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. नंदीध्वज उंच, म्हणून वाटेतल्या तारांचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मार्गावरचे खड्डे जानेवारीच्या आत बुजतात, वर्षभर अर्ज देऊन न बुजलेले. बाराव्या शतकातल्या एका संतानं आखून दिलेला हा मार्ग पालिकेचा सर्वांत वक्तशीर रस्तेदुरुस्ती कार्यक्रम आहे. मग गड्डा, म्हणजे यात्रेतली जत्रा, भरतो तो होम मैदानावर. बाहेरगावच्या माणसाला त्यातला 'होम' इंग्रजी वाटतो. तो होमहवनातला आहे.

यात्रेला कुंभारीहून हजारोंनी माणसं येतात. त्यातल्या कित्येकांचं जुनं बिऱ्हाड याच मार्गावरच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत होतं. पोरं खांद्यावर घेऊन ती नंदीध्वज पाहतात, ओळखीच्या दुकानात उधारीची जुनी वही अजून आहे का विचारतात, गड्ड्यात पाळण्यात बसतात. शोभेचं दारूकाम संपलं की तीच गर्दी अक्कलकोट रस्त्याकडे वळते. नव्या आराखड्यासाठी पहिली तपासणी कुठून करावी, असं गेडिसला कुणी विचारलं असतं, तर त्यानं बहुधा त्या रात्री मैदानाच्या फाटकाशी वही घेऊन दोन पोरं उभी केली असती: कुठं राहता, आधी कुठं राहत होता, रोज कामाला कुठं येता, आणि आत्ता घरी कशानं, किती वेळात, किती पैशांत जाल.